अलीकडून हरलेला फोरमन वीस वर्षांनी जिंकला कसा?

ऐरोलीहून एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगा १९ वर्षांचा, वजन १०४ किलो, ठाण्यात बॉक्सिंग शिकतोय. अमेरिकन हेवीवेट बॉक्सर जॉर्ज फोरमनचे जुने व्हिडिओ बघतो आणि बॅगवर प्रत्येक ठोसा जीव खाऊन मारतो. हेवीवेटमध्ये एक ठोसा बसला की विषय संपला, बाकीचं सगळं हलक्या पोरांसाठी, असं त्याचं मत. त्याचे मित्र उलट सांगतात: मोहम्मद अलीने फोरमनला १९७४ला उघडा पाडला, आणि फोरमनला ४५व्या वर्षी जो जगज्जेतेपदाचा किताब मिळाला तो मटका लागला, नाहीतर लढत आधीच ठरलेली होती. खरं काय, आणि मुलाने फोरमनकडून नेमकं काय घ्यावं?

मी कळव्याला बरीच वर्षं बॉक्सिंग शिकवतोय. जड अंगाची मुलं माझ्याकडे जास्त येतात, त्यामुळे फोरमनचं नाव आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतं. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. मुलगाही चुकतोय आणि मित्रही. फोरमनच्या हातातली ताकद पहिल्या दिवसापासून होती. १९७४ला होती, १९९४लाही होती. मधल्या वीस वर्षांत त्याने ती ताकद खर्च कशी करायची ते शिकून घेतलं. त्या शिक्षणाला सुरुवात अलीने केली, पण खरा दणका दुसऱ्याच एका माणसाने दिला, ज्याचं नाव तुमच्या मुलाने बहुधा ऐकलेलं नसेल.

थोडं मागून येतो. फोरमनचा जन्म १० जानेवारी १९४९चा, टेक्सासमधल्या मार्शलचा. वाढला ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्ड या गरीब वस्तीत. शाळा अर्धवट सुटली, अंग मोठं, डोकं गरम. रस्त्यावर लोकांना लुटायचा, हे त्याने पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितलं. त्या काळी अमेरिकन सरकारने गरीब तरुणांसाठी जॉब कोअर नावाची प्रशिक्षण योजना काढली होती. त्यात नाव घातलं, आणि कॅलिफोर्नियातल्या केंद्रात डॉक ब्रॉडस नावाच्या प्रशिक्षकाने त्याला हातमोजे घालायला लावले. मोजे घातल्यावर थोड्याच काळात, ऑक्टोबर १९६८मध्ये, तो मेक्सिको सिटीला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभा होता. समोर सोव्हिएत संघाचा योनास चेपुलिस. दुसऱ्या राऊंडमध्ये रेफ्रीने लढत थांबवली. फोरमनने हातात छोटा अमेरिकन झेंडा घेऊन रिंगमध्ये चारी बाजूंना वाकून अभिवादन केलं. त्याच स्पर्धेत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या धावपटूंनी काळा मोजा घातलेली मूठ उंचावली होती, त्यामुळे फोरमनचा झेंडा बऱ्याच कृष्णवर्णीयांना खटकला. ते त्याला पुढे आफ्रिकेत किन्शासाला, अलीविरुद्धच्या लढतीच्या वेळी, महागात पडलं, पण तो राजकारणाचा भाग झाला.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याची हौशी कारकीर्द अगदी छोटी होती. दहा-दहा वर्षं सब-ज्युनिअर, ज्युनिअर करत वर येणारी मुलं ज्या गोष्टी घोटून घेतात, त्या त्याच्याकडून घोटल्या गेल्या नाहीत. गरजच पडली नाही. व्यावसायिक झाल्यावर तो सनी लिस्टनबरोबर सराव करायचा आणि लिस्टनसारखंच कोणाशी न बोलता, डोळे वटारून वावरायला शिकला. निम्मे प्रतिस्पर्धी घंटेआधीच हरलेले असत.

आता तुमचा मुलगा ज्या व्हिडिओवर फिदा आहे तो. किंग्स्टन, जमैका, २२ जानेवारी १९७३. जो फ्रेझियर तेव्हा अजिंक्य जगज्जेता होता, त्याने १९७१ला अलीला हरवलेलं होतं. फोरमनने त्याला दोन राऊंडमध्ये सहा वेळा खाली पाडलं. सगळे ठोसे बघतात. मी मुलांना ठोशाच्या आधीचा क्षण बघायला लावतो. फ्रेझियर वाकून आत घुसतो तेव्हा फोरमन दोन्ही हातांनी त्याच्या खांद्याला धक्का देऊन त्याला मागे सारतो, म्हणजे बरोब्बर आपल्या ठोशाच्या टप्प्यात आणून ठेवतो. मग खालून अप्परकट. ही ताकद आहेच, पण अंतराची जाणही आहे. (आपल्याकडच्या स्पर्धेत असं ढकललं तर रेफ्री ताकीद देईल, हे मुलाला आत्ताच सांगून ठेवा.)

त्यानंतर टोकियोत होसे रोमनला पहिल्याच राऊंडमध्ये, आणि मार्च १९७४ला काराकासमध्ये केन नॉर्टनला दुसऱ्या राऊंडमध्ये. नॉर्टननेही आदल्या वर्षी अलीला हरवलं होतं. म्हणजे किन्शासाला जाताना फोरमन ४० लढतींत ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट, अशा हिशेबाने गेला. पण दुसरा हिशेब कोणी मांडत नाही. किताबाच्या तिन्ही लढती मिळून तो रिंगमध्ये पंधरा मिनिटंसुद्धा नव्हता. दमसासाची परीक्षा झालेलीच नव्हती, त्यामुळे ती नापास होईल हे कोणाला कळणार? त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं.

किन्शासाची लढत सप्टेंबरात व्हायची होती. सरावात फोरमनच्या उजव्या डोळ्यावर जखम झाली आणि ती ३० ऑक्टोबर १९७४वर गेली. अमेरिकेतल्या टीव्हीची वेळ साधायची म्हणून पहाटे चारच्या सुमारास घंटा वाजली. तरी हवा दमट आणि गरम. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ऑक्टोबर हीटमध्ये ज्याने तीन राऊंड मारले आहेत त्याला ती हवा काय असते ते सांगावं लागत नाही: घाम वाळत नाही, श्वास पूर्ण भरल्यासारखा वाटत नाही, खांदे शिशाचे होतात.

अली दोरांना टेकून उभा राहिला आणि फोरमन दमेपर्यंत मार खात राहिला, एवढंच लोकांना ठाऊक असतं. ते अर्धं झालं. पहिल्या राऊंडपासून अलीने सरळ उजव्या हाताचे ठोसे फोरमनच्या तोंडावर मारले, जॅबची (पुढच्या हाताच्या सरळ, झटपट ठोशाची) तयारी न करता. बॉक्सिंगमध्ये असं उजव्याने सुरुवात करणं धोक्याचं मानतात, कारण हात लांबून येतो. फोरमनला ते अपेक्षित नव्हतं आणि तो चिडला. दुसरं, प्रत्येक मिठीत (दोघं एकमेकांना धरून अडकले की) अली त्याच्या मानेवर हात टाकून डोकं खाली दाबायचा, अंगाचा भार त्याच्यावर टाकायचा. शंभर किलोंच्या माणसाची मान सतत खाली दाबत राहिली तर पाठ आणि मांड्या आधी जातात. तिसरं, फोरमनचे लांब, बाहेरून घुमवलेले ठोसे अलीच्या कोपरांवर आणि दंडांवर पडत होते. चुकलेला ठोसा बसलेल्या ठोशापेक्षा जास्त दमवतो, कारण तो थांबवायलाही स्नायूच लागतात. पाचव्या राऊंडपर्यंत फोरमन महिन्याच्या पाच तारखेला पगार संपवणाऱ्या माणसासारखा झाला होता. आठव्या राऊंडच्या अखेरीस अलीने ठोशांची माळ लावली, शेवटचा उजवा हात बसला, आणि फोरमन गिरकी घेत खाली गेला. राऊंड संपायला दोन सेकंद उरले होते.

नंतर त्याने बरीच कारणं दिली. दोर सैल होते, पाण्यात काहीतरी घातलं होतं, रेफ्रीने भरभर मोजलं. दोर सैल होते हे खरं दिसतं, बाकीचं सोडून द्या. अलीने त्याला पुन्हा लढत दिलीच नाही. म्हातारपणी मात्र दोघं जिवलग झाले.

पुढची दोन वर्षं तो तसाच राहिला. जानेवारी १९७६ला रॉन लाइलविरुद्धची लढत बघा. दोघंही आळीपाळीने खाली पडले, पाचव्या राऊंडमध्ये फोरमनने संपवलं. थरारासाठी झकास, शिकण्यासारखं काही नाही. दोन दमलेले धिप्पाड पुरुष डोळे मिटून हाणतायत, एवढंच.

आता तो दुसरा माणूस. जिमी यंग. सान हुआन, प्वेर्तो रिको, १७ मार्च १९७७. यंगचा ठोसा काही मोठा नव्हता. पण तो समोर उभाच राहायचा नाही, आणि राहिला तर वाकून, वळून, हात अडकवून समोरच्याचा ठोसा वाया घालवायचा. सातव्या राऊंडमध्ये फोरमनने त्याला हलवला होता, पण संपवता आलं नाही. गर्मी प्रचंड. बाराव्या राऊंडमध्ये उलट फोरमनच खाली गेला आणि गुणांवर हरला. अलीविरुद्ध तो थकून एका ठोशाने पडला होता, त्याला सबबी सांगता आल्या. इथे ३६ मिनिटं एका साध्या ठोशाच्या माणसाने त्याला निव्वळ डोक्याने हरवलं. सबब उरली नाही.

लढतीनंतर ड्रेसिंग रूममध्ये त्याला आपण मरतोय असं वाटलं आणि त्यातून देव भेटला, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. उष्म्याचा त्रास झाला असेल असं कोणी म्हणेल. मी त्या वादात पडत नाही. माणूस खरोखर बदलला हे सगळ्या जगाने पाहिलं. वयाच्या २८व्या वर्षी बॉक्सिंग सोडलं, ह्यूस्टनला धर्मोपदेशक झाला, रस्त्याच्या कोपऱ्यांवर उभा राहून प्रवचन केलं, १९८४ला मुलांसाठी युवा केंद्र काढलं. दहा वर्षं हातमोज्यांना हात लावला नाही. वजन वाढत वाढत १३५ किलोंच्या पुढे गेलं.

केंद्र चालवायला पैसे हवेत म्हणून तो परतला, मार्च १९८७ला, ३८ वर्षांचा आणि १२० किलोंचा. लोक हसले. त्यानेही हसवून घेतलं: बर्गर खातो, पोट सुटलंय, असे विनोद स्वतःवरच. डोळे वटारणारा फोरमन गेला होता. सुरुवातीचे प्रतिस्पर्धी अगदीच सामान्य होते, ही टीका रास्त आहे. पण मला त्यात एक शहाणपण दिसतं. पंचविशीत जे घोटलं नव्हतं ते त्याने या लढतींत घोटलं. आर्ची मूर हा जुना मातब्बर बॉक्सर त्याच्या सोबत असायचा. त्याच्या पद्धतीचा गार्ड फोरमनने घेतला: दोन्ही हात चेहऱ्या-छातीसमोर आडवे, एकावर एक. हा गार्ड जुनाट दिसतो, पण जड माणसाला त्यात मोठी सोय आहे. हात शरीराजवळ राहतात, खांद्यांना विश्रांती मिळते, आणि ठोसा निघतो तो जवळून, आखूड. दोन राऊंडच्या मधल्या विश्रांतीत कॉर्नरला स्टुलावर बसायचा नाही, उभाच राहायचा. त्यात समोरच्याला दाखवणं होतंच. पण माझ्या मते कारण पुढेही आहे: श्वास ताब्यात असेल तरच एका मिनिटात उभ्याने सावरता येतं.

सगळ्यांत मोठा बदल डाव्या हातात. पहिल्या फोरमनचा जॅब म्हणजे समोरच्याला ढकलण्याचं साधन होतं. दुसऱ्या फोरमनचा जॅब म्हणजे त्याची मुख्य कमाई. संथ, सरळ, खांद्यातून, प्रत्येक ठोशाबरोबर श्वास बाहेर. घाई नाही.

१९ एप्रिल १९९१ला इव्हँडर होलिफिल्डविरुद्ध तो बारा राऊंड लढला आणि गुणांवर हरला. वय ४२, वजन होलिफिल्डपेक्षा वीसेक किलो जास्त. पंचविशीत ज्याला पाचव्या राऊंडला धाप लागली तो बेचाळिशीत जगज्जेत्यापुढे बाराव्या राऊंडला पाय रोवून उभा होता. मित्रांना हा व्हिडिओ दाखवा. मटक्याचा मुद्दा इथेच संपतो.

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. जून १९९३ला तो टॉमी मॉरिसनकडून हरला होता. त्यानंतर त्याला किताबाची लढत मिळाली ती गुणवत्तेवर नव्हे, नावावर. समोर होता मायकेल मूरर, २६ वर्षांचा, ३५ लढती अजिंक्य, नुकताच होलिफिल्डला हरवून आलेला. डब्ल्यूबीए या जागतिक बॉक्सिंग संघटनेने तर वयाचं कारण सांगून परवानगी नाकारली होती, फोरमनला कोर्टात जावं लागलं.

५ नोव्हेंबर १९९४, लास वेगास. फोरमनने किन्शासात घातलेली तीच लाल चड्डी घातली. कॉर्नरला होता प्रशिक्षक अँजेलो डंडी, जो वीस वर्षांपूर्वी अलीच्या कॉर्नरला होता. नऊ राऊंड फोरमन मार खात होता, तिन्ही पंचांच्या कागदावर मागे होता. ही झाली वरवरची गोष्ट. आता शिकणाऱ्याच्या नजरेने बघा. मूरर डावखुरा. डावखुऱ्याविरुद्ध सरळ उजवा हात हे जगभरचं उत्तर आहे, पण तो बसायला समोरचा माणूस एका रेषेत थांबावा लागतो. फोरमन नऊ राऊंड तेच करत होता. जॅब मारायचा, उजवा हात हलकेच सोडायचा, मूरर कुठे थांबतो ते बघायचा. मूररचे प्रशिक्षक टेडी अॅटलस दर राऊंडनंतर ओरडून सांगत होते की त्याच्यासमोर उभा राहू नकोस. मूररला वाटलं या म्हाताऱ्याच्या ठोशांत आता दम नाही, कारण फोरमनने तोवर पूर्ण ताकदीचा ठोसा फारसा काढलाच नव्हता. दहाव्या राऊंडमध्ये डावा-उजवा, पुन्हा डावा-उजवा, आणि शेवटचा उजवा आखूड, हनुवटीवर. जेमतेम फूटभराचा प्रवास. मूरर पाठीवर पडला आणि दहा मोजेपर्यंत उठला नाही. फोरमन कोपऱ्यात गुडघ्यावर बसला. ४५ वर्षांचा हेवीवेट जगज्जेता. हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

ठरवून केलेली लढत असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: ठरवलेलंच होतं तर पुढे असलेल्या माणसाने तोंडावर रक्त येईपर्यंत दहाव्या राऊंडला जबड्यावर असा ठोसा कशाला घ्यावा? पडायला सोप्या जागा खूप असतात.

त्यानंतरचं थोडक्यात. अॅक्सेल शुल्झविरुद्ध १९९५ला मिळालेला विजय वादग्रस्त होता, मलाही तो पटलेला नाही. किताब रिंगमध्ये हरून नव्हे, कागदोपत्री गेले. शेवटची लढत नोव्हेंबर १९९७, ४८व्या वर्षी, शॅनन ब्रिग्जविरुद्ध; तो निकाल मात्र फोरमनवर अन्याय होता असं बरेच जण मानतात. एकूण ८१ लढती, ७६ विजय, त्यातले ६८ नॉकआउट. पाच पराभवांपैकी वेळेआधी संपलेला एकच, अलीविरुद्धचा. बॉक्सिंगपेक्षा जास्त पैसा त्याने आपल्या नावाच्या विजेच्या ग्रिलवर कमावला. अमेरिकेत राहून आलेल्या नातेवाइकांकडे त्याचं नाव काढा, ते बॉक्सिंगऐवजी ग्रिलबद्दल बोलायला लागतील. पाचही मुलग्यांची नावं जॉर्ज ठेवली. २१ मार्च २०२५ला, ७६व्या वर्षी गेला.

आता तुमच्या मुलाबद्दल. व्यावसायिक लढत बारा राऊंडची, आपली हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन राऊंडची, मग काटकसर कशाला, असं तो विचारेल. माझ्यासमोर जड गटातली बहुतेक मुलं दुसऱ्या राऊंडच्या मध्यावर तोंड उघडं टाकतात. तिथून पुढे हात खाली येतात, आणि जड गटात खाली आलेल्या हातांची किंमत फार असते. शिवाय जिल्हा पातळीवर सर्वांत वरच्या वजनगटात मुलं मोजकीच असतात. एखादी लढत खेळून पदक मिळतं आणि आपण तयार झालो असं वाटतं. पुढे हरयाणाचा किंवा सैन्यातला मुलगा समोर आला की खरं कळतं. कौर सिंग आठवतात का? सैन्यातले हेवीवेट, १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण, त्याआधी १९८०ला दिल्लीत खुद्द अलीबरोबर प्रदर्शनीय लढत. आपल्याकडे जड गटाची परंपरा तिकडून आलेली आहे, आणि तिथे दमसासावर फार काम होतं.

फोरमनचा आडवा गार्ड त्याने उचलू नये. हौशी लढतीत स्वच्छ बसलेल्या ठोशांवर गुण जातात, आडव्या हातांवर मार घेत बसणाऱ्याला न्यायाधीश माफ करत नाहीत. घ्यायचं ते जॅब, आखूड उजवा आणि श्वास. मी माझ्याकडच्या मुलांना बॅगवर तीन राऊंड फक्त डावा हात देतो, साधारण निम्म्या ताकदीने, प्रत्येक ठोशाला नाकातून आवाज येईल असा श्वास सोडत. पूर्ण ताकद फक्त राऊंडच्या शेवटच्या दहा सेकंदांत. पहिले काही दिवस मुलं कंटाळतात, चिडतात. चिडू द्यावं. खांदे कानाला लागलेले दिसले की राऊंड पुन्हा पहिल्यापासून.

१०४ किलोंवर डांबरी रस्त्यावर रोज पळवू नका, गुडघे जातात. ठाण्याजवळच्या येऊरच्या चढावर झपझप चालणं, पोहणं, दोरीवरच्या छोट्या उड्या चालतील. आणि स्पॅरिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) डोक्याला जोराचा मार बसला, गरगरलं किंवा उलटीसारखं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर; तो हो म्हणेपर्यंत स्पॅरिंग बंद. प्रशिक्षक काही का म्हणेना, मीसुद्धा. ४५व्या वर्षी लढणं हा फोरमनचा भाग कोणी आदर्श म्हणून घेऊ नये. मधली दहा वर्षं तो मारापासून लांब राहिला हे त्याच्या डोक्याच्या भल्याचं झालं, असं मला वाटतं.

व्हिडिओ बघायचेच असतील तर या क्रमाने दाखवा. आधी यंगविरुद्धचे बाराच्या बारा राऊंड, पुढे न सरकवता. मग होलिफिल्ड. मग मूररची लढत पहिल्या राऊंडपासून, आवाज बंद करून, वही घेऊन, दर राऊंडला फोरमनचे जॅब मोजत. शेवटी फ्रेझियर, आणि तिथे ठोसे सोडून फक्त त्या आधीचं ढकलणं बघायला सांगा.